मुंबईच्या वीजयंत्रणेच्या संरक्षणाचा खर्च कोणी करायचा?

दादरच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या सचिव महोदयांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. वीजकेंद्रे, उपकेंद्रे आणि वाहिन्या यांचे हल्ल्यापासून रक्षण करण्यासाठी सरकार स्वतंत्र निधी का देत नाही; हा खर्च शेवटी ग्राहकाच्या बिलातच का येतो; आणि त्यांच्या इमारतीच्या तळमजल्यावरील सबस्टेशनच्या खोलीला जाळी व कॅमेरा बसवायचा झाल्यास पैसे संस्थेने भरायचे का. ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला आणि मुंबईतही भोंगे वाजले, तेव्हापासून त्यांच्या संस्थेत हा विषय वारंवार निघत आहे, असे त्यांनी कळवले आहे.

मी पारेषण क्षेत्रात, म्हणजे उच्चदाबाची वीज दूरवर वाहून नेण्याच्या कामात, एकतीस वर्षे काम केले. पहिली वीस वर्षे उपकेंद्रांतील रिले (बिघाड ओळखून तो भाग तोडायला लावणारी उपकरणे) आणि संरक्षण प्रणालीच्या चाचण्यांत गेली, आणि नंतरची भांडवली खर्चाचे प्रस्ताव तयार करून ते वीजदर ठरवणाऱ्या वीज नियामक आयोगापुढे मांडण्यात. म्हणून यंत्र आणि हिशेब या दोन्ही बाजूंनी उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. कोणते ठिकाण किती नाजूक आहे, याविषयी मात्र मी काहीही लिहिणार नाही, आणि कोणी विचारूही नये अशी विनंती आहे.

सरकारी पैसा अगदीच नाही, असे नाही. केंद्राची सर्वांत मोठी योजना म्हणजे २०२१ मध्ये सुरू झालेली सुधारित वितरण क्षेत्र योजना. तिचा आराखडा ३,०३,७५८ कोटी रुपयांचा असून त्यात केंद्राचे अर्थसाहाय्य ९७,६३१ कोटी रुपयांचे आहे. परंतु ही योजना मुख्यतः वीजहानी कमी करणे, स्मार्ट मीटर बसवणे आणि वितरण कंपन्यांची आर्थिक स्थिती सुधारणे यांसाठी आहे, आणि खासगी वितरण कंपन्यांना तिच्यातून वगळलेले आहे. मुंबईत याचा अर्थ काय होतो ते पाहा. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत बेस्ट आहे, मुलुंड-भांडुपकडे महावितरण आहे, आणि उरलेल्या उपनगरांत मुख्यतः अदानी व त्यांच्या जोडीने टाटा पॉवर. म्हणजे शहरातील बहुसंख्य वीजग्राहक ज्या कंपन्यांकडून वीज घेतात, त्या कंपन्यांना या निधीचा दरवाजाच बंद आहे. ग्राहक मात्र तोच भारतीय नागरिक आहे, कर भरणारा आहे, आणि तो शेजारच्या प्रभागात बेस्टची वीज घेत असता तर त्याच्यासाठी केंद्राने पैसे दिले असते. हा भेद मला कधीच पटलेला नाही.

दुसरा स्रोत विद्युत प्रणाली विकास निधीचा. ग्रिडची शिस्त मोडणाऱ्यांकडून आकारली जाणारी विचलन शुल्के, वाहिन्यांवरील कोंडीचे शुल्क अशा रकमा त्यात जमा होतात; त्याच्या विनियोगाच्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१४ मध्ये मंजुरी दिली. उपकेंद्रांतील जुनाट रिले बदलणे, संरक्षण प्रणालीचे नूतनीकरण करणे, अशा कामांना यातून अनुदान मिळते. आपल्या विषयाच्या सर्वांत जवळचा निधी हाच आहे. पण त्याची घडण बिघाडापासून ग्रिड वाचवण्यासाठी झाली आहे. बिघाडाला हेतू नसतो, हल्लेखोराला असतो. बिघाड एका वेळी बहुधा एकाच ठिकाणी होतो, हल्ला मुद्दाम दोन-तीन ठिकाणी एकाच वेळी होऊ शकतो. एक घटक निकामी झाला तरी पुरवठा चालू राहावा, या निकषावर आखलेली यंत्रणा त्या दुसऱ्या प्रसंगासाठी आपोआप सज्ज होत नाही.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत चक्रीवादळ, पूर, भूकंप, आग, दरड अशा अधिसूचित आपत्ती येतात. उपकेंद्रावरचा हल्ला त्या यादीत नाही. विम्याची सोय आहे. दहशतवादी कृत्यांच्या जोखमीसाठी २००२ पासून भारतीय विमा कंपन्यांचा एक सामाईक निधी आहे आणि त्याचे व्यवस्थापन चर्चगेटला मुख्यालय असलेली जीआयसी री ही सरकारी पुनर्विमा कंपनी करते. पण विम्याने पैसे मिळतात, रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) मिळत नाही. हा फरक पुढे सविस्तर लिहितो, कारण सगळी गाठ तिथेच आहे.

आता पहारेकऱ्यांचा खर्च. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या कायद्यात २००९ मध्ये दुरुस्ती झाली आणि खासगी आस्थापनांनाही ते दल देता येऊ लागले. राज्यात २०१० च्या कायद्याने महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळ स्थापन झाले. दोन्हीकडे तत्त्व एकच आहे: जवान सरकारचे, खर्च आस्थापनेचा. म्हणजे गणवेश सरकारी दिसला तरी त्याचे देयक वीज कंपनीला येते, तिथून ते चालन व देखभाल खर्चात जाते आणि तिथून आपल्या वीजदरात. सचिव महोदयांच्या दुसऱ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर यात आले.

उरलेले निम्मे अधिक महत्त्वाचे आहे. चालन व देखभालीचा खर्च राज्य वीज नियामक आयोग मानकांनुसार ठरवतो. महागाईनुसार वाढ मिळते, पण कार्यक्षमता वाढावी म्हणून तीत थोडी कपातही होते. उद्देश चांगला आहे; कंपन्यांनी उधळपट्टी करू नये. परंतु पहारा, रात्रपाळीचा ऑपरेटर, केबलमार्गाची पायी गस्त आणि बागेतले गवत कापणे हे सगळे एकाच थैलीतून भागवायचे असल्यावर, वर्षाअखेरीस व्यवस्थापक कुठे हात आखडता घेतो, हे मी जवळून पाहिले आहे. जे न केल्याने उद्या सकाळी काहीच बिघडत नाही, ते आधी कापले जाते. केंद्रीय आयोगाने आपल्या २०१९ च्या दरनिश्चिती विनियमांत औष्णिक केंद्रांचा आणि पारेषणाचा सुरक्षा खर्च मानकांच्या बाहेर काढून, छाननी करून, वेगळा मान्य करण्याची तरतूद केली. तसेच अंतर्गत किंवा राष्ट्रीय सुरक्षेची जबाबदारी असलेल्या सरकारी यंत्रणेने सांगितल्यास वाढीव सुरक्षेसाठी लागणारा भांडवली खर्चही मान्य करता येतो. राज्यातील वितरण आणि पारेषणाच्या हिशेबातही सुरक्षेचे असे ठळक, वेगळे शीर्ष हवे, असे माझे ठाम मत आहे. त्याने बिल फार वाढणार नाही. उलट तुमच्याकडून घेतलेला पैसा खरोखर पहाऱ्यावर गेला की नाही, हे तुम्हाला सुनावणीत विचारता येईल.

विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ११ कडेही लक्ष वेधतो. राज्याच्या सुरक्षेला धोका, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा नैसर्गिक आपत्ती अशा असाधारण परिस्थितीत सरकार वीजनिर्मिती केंद्राला आपल्या निर्देशांनुसार चालवायला सांगू शकते, आणि त्यामुळे होणाऱ्या आर्थिक झळीची भरपाई आयोग ठरवू शकतो. हे कलम निर्मितीपुरते आहे. उपकेंद्र, वाहिनी किंवा वितरण जाळे यांच्यासाठी भरपाईची इतकी स्पष्ट वाट कायद्यात नाही. मुंबईचा मोठा वीजपुरवठा बाहेरून वाहिन्यांनी येतो, त्यामुळे ही उणीव आपल्याला इतरांपेक्षा जास्त जाणवते.

यातून खरा प्रश्न पुढे येतो: सरकारने पैसा द्यायचा ठरवले, तर तो कशावर खर्च करावा?

१२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ अनेकांना आठवत असेल. दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, विद्यापीठाच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. पुढे मार्च २०२१ मध्ये त्यामागे सायबर घातपात असावा, असा संशय राज्याच्या गृहमंत्र्यांनी व्यक्त केला, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती मानवी चूक होती असे सांगितले. त्या वादात मी पडत नाही. माझ्या दृष्टीने त्या दिवशी दिसलेली गोष्ट वेगळी आहे. बाहेरचे ग्रिड कोसळले तर मुंबईने स्वतःला तोडून घ्यावे आणि ट्रॉम्बे, डहाणू व सह्याद्रीतील जलविद्युत केंद्रांच्या जोरावर निदान रेल्वे, रुग्णालये व पाणीपुरवठा चालू ठेवावा, यासाठी शहराची आयलंडिंगची, म्हणजे ग्रिडपासून तुटून बेटासारखे तग धरण्याची, व्यवस्था कित्येक दशके आहे. तिने याआधी शहराला अनेकदा वाचवले आहे. त्या दिवशी तुटलेल्या बेटातील निर्मिती आणि भार यांचा मेळ बसला नाही आणि बेटही बुडाले.

असा मेळ बसण्यासाठी शहराच्या पोटात पुरेशी निर्मिती चालू स्थितीत असावी लागते. पण बाहेरची वीज स्वस्त असताना शहरातले महाग वीजनिर्मिती युनिट चालू ठेवले, तर आयोग आणि ग्राहक संघटना दोघेही विचारतात की हा भुर्दंड कशासाठी. प्रश्न रास्तच आहे. रोजच्या व्यापारी हिशेबात त्या युनिटला जागा नाही. ते आणीबाणीचा विमा म्हणून चालते. विमा सगळ्या देशाच्या उपयोगाचा असेल तर हप्ता एकट्या मुंबईकराच्या बिलातून का जावा? शेअर बाजार, बंदर, रिझर्व्ह बँक, लोकल गाड्या, यांच्या अखंडतेचा लाभ नागपूरपासून गुवाहाटीपर्यंत पोहोचतो. आणि याच्या उलट बाजूही पाहायला हवी. राज्यांतर्गत पारेषणाचा एकूण खर्च राज्यातील सर्व वितरण कंपन्यांमध्ये वाटला जातो. म्हणजे मुंबईच्या एखाद्या उच्चदाब उपकेंद्राला मजबूत केले, तर त्याचा काही वाटा लातूरच्या शेतकऱ्याच्या आणि गडचिरोलीच्या दुकानदाराच्या दरातही जातो. दोन्ही बाजूंनी पाहिले तरी हा भार बिलातून काढून अर्थसंकल्पात नेणे अधिक न्याय्य आहे.

अनुदानाने ग्राहकाचा किती फायदा होतो, हे बहुतेकांना ठाऊक नसते. समजा, शंभर कोटींचे काम कंपनीने स्वतःच्या पैशाने केले. नियमाप्रमाणे त्यातले सत्तर कोटी कर्ज आणि तीस कोटी भागभांडवल धरले जाते. कर्जावरचे व्याज, भांडवलावरचा परतावा आणि घसारा हे वर्षानुवर्षे तुमच्या दरात येत राहतात, आणि शेवटी शंभरापेक्षा कितीतरी जास्त रक्कम वसूल होते. तेच काम सरकारी अनुदानातून झाले, तर त्या रकमेवर कंपनीला ना परतावा मिळतो ना घसारा. दरात येतो तो फक्त देखभालीचा खर्च. म्हणून "सरकारने दिले काय आणि कंपनीने केले काय, शेवटी पैसा आपलाच" हे वाक्य हिशेबात टिकत नाही.

मग सरकारी पैशाने काय घ्यावे? माझे उत्तर आहे: रोहित्रे, आणि माणसे.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मेटकाफ उपकेंद्रावर एप्रिल २०१३ मध्ये रायफलींनी गोळीबार झाला आणि १७ रोहित्रे निकामी झाली. वीज दुसऱ्या मार्गांनी वळवल्यामुळे मोठा अंधार टळला, पण उपकेंद्र पूर्ववत व्हायला २७ दिवस लागले. नंतर तेथील नियामकांनी प्रत्यक्ष सुरक्षेचे मानक सक्तीचे केले, आणि त्या उपकेंद्राच्या मालक कंपनीने तीन वर्षांत १० कोटी डॉलर उपकेंद्रांच्या सुरक्षेवर खर्च करण्याचे जाहीर केले. भिंती झाल्या, कॅमेरे झाले. ते आवश्यकच होते. पण ज्यांनी त्या भागाला त्या रात्री वाचवले, ते वीज वळवण्याचे दुसरे मार्ग होते. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेली खारघर-विक्रोळी ४०० केव्ही वाहिनी आणि विक्रोळीचे उपकेंद्र यांनी शहरात आणखी १,००० मेगावॅट आणण्याची सोय केली. कुडूस ते आरे हा उच्चदाब डीसी (एकदिश प्रवाहाच्या) वाहिनीचा प्रकल्प तेवढ्याच क्षमतेचा आहे. सुरक्षेचे शीर्ष त्यांच्यावर कुठेही नाही, तरी हल्ल्याच्या दृष्टीने मुंबईसाठी झालेले सर्वांत मोलाचे काम म्हणून मी त्यांच्याकडेच बोट दाखवीन.

मोठे रोहित्र जाते तेव्हा काय होते, हे एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. आम्ही एक २२० केव्हीचे रोहित्र शहरात आणले होते. तेल काढून, आत नायट्रोजन भरून, ते बहुचाकी हायड्रॉलिक ट्रेलरवर चढवले. फक्त रात्री बारानंतर चालायची परवानगी. पुढे वाहतूक पोलिसांची जीप, बाजूने आमची माणसे हातात लांब बांबू घेऊन केबलच्या लोंबत्या तारा वर उचलत, आणि ट्रेलर चालत्या माणसापेक्षाही हळू. एका वळणावर पदपथाचे कठडे उखडावे लागले आणि तिथेच दोन तास गेले. पाच वाजता दुधाच्या गाड्या येऊ लागल्या तेव्हा आम्ही ट्रेलर रस्त्याच्या कडेला लावून त्याच्याभोवती दोरी बांधली आणि दिवसभर पहारा दिला. तिसऱ्या रात्री ते जागेवर पोहोचले. पुढे तेल भरणे, गाळणे आणि चाचण्या यांत आणखी काही आठवडे. आणि हे रोहित्र तयार होते म्हणून. नव्याने मागणी नोंदवली असती, तर ते कारखान्यातून बाहेर पडायलाच वर्षाहून अधिक काळ गेला असता.

म्हणून सुटी रोहित्रे शहराजवळ तयार ठेवणे हे संरक्षणाचेच काम आहे. पण कोणतीही कंपनी एकटी ते करणार नाही, कारण वापरात नसलेल्या यंत्राचा खर्च दरात मान्य करून घेणे अवघड जाते. शिवाय प्रत्येकीची क्षमता, व्होल्टेजचे गुणोत्तर आणि इम्पीडन्स (प्रवाहाला होणारा अंतर्गत अवरोध) वेगळे. राज्याची पारेषण कंपनी महापारेषण, टाटा, अदानी आणि बेस्ट यांनी एकत्र बसून, कोणाच्याही जागी बसतील अशा थोड्या नमुन्यांवर एकमत करावे आणि राज्य सरकारने ती अनुदानातून घेऊन सामाईक साठ्यात ठेवावीत. सोबत जागेचा आराखडा आणि रस्त्यांच्या परवानग्याही आधीच तयार असाव्यात. पैसा कुठून, असे विचाराल तर आपले बिल पाहा. घरगुती वीजबिलावर १६ टक्के आणि व्यापारी बिलावर २१ टक्के वीज शुल्क आपण राज्याच्या तिजोरीत भरतो. मुंबईतून गोळा होणाऱ्या शुल्काचा एक लहानसा हिस्सा काही वर्षे या कामासाठी राखून ठेवला, तर नवा कर लावण्याची गरज पडू नये.

माणसांविषयी. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधील तीन वितरण कंपन्यांवर सायबर हल्ला झाला. ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा कर्सर आपोआप फिरू लागला आणि ब्रेकर (वाहिनी जोडणारे-तोडणारे मोठे स्विच) उघडून पुरवठा तुटत गेला. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. तरीही काही तासांत वीज परतली, कारण कर्मचारी गाड्या घेऊन उपकेंद्रांवर गेले आणि त्यांनी हाताने ब्रेकर लावले. आपण मात्र उपकेंद्रे मानवरहित करत चाललो आहोत. कार्यक्षमता म्हणून ते ठीक आहे. पण संगणक हातातून गेला, तर मध्यरात्री कोण, कोणत्या गाडीने, कोणत्या किल्लीने, किती वेळात पोहोचणार, याचे उत्तर लेखी असावे आणि वर्षातून दोनदा प्रत्यक्ष करून पाहिलेले असावे. अनुदान देताना सरकारने अशा सरावाची अट घालावी. सराव झाला नाही तर पुढचा हप्ता रोखावा.

सायबर सुरक्षेचे नियम आपल्याकडे कमी नाहीत. महत्त्वाच्या माहिती-पायाभूत यंत्रणांच्या रक्षणासाठी २०१४ पासून राष्ट्रीय केंद्र आहे, वीज क्षेत्रासाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची ऑक्टोबर २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, आणि सायबर घटना सहा तासांत कळवण्याचे बंधन २०२२ पासून आहे. अडचण दुसरीकडे आहे. एका उपकेंद्रात नवी फायरवॉल बसवली होती, तिचा प्रस्ताव मीच तयार केला होता. काही महिन्यांनी पाहणी करताना रिले पॅनलच्या मागे, केबल ट्रेच्या आड, टॉर्चच्या उजेडात एक लहानसा मोडेम दिसला. त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता. दूरवरून दुरुस्ती करता यावी म्हणून पुरवठादाराच्या माणसाने तो कधीकाळी जोडला होता आणि काम झाल्यावर काढायचा राहिला होता. मालमत्तेच्या यादीत तो नव्हता, त्यामुळे कोणी शोधलाही नव्हता. फायरवॉलचा खर्च भांडवली म्हणून सहज मंजूर झाला. पॅनलच्या मागे टॉर्च घेऊन फिरणाऱ्या माणसाचे तास मात्र त्याच आखडलेल्या थैलीतून येतात. निधी यंत्रांपुरता मर्यादित राहिला तर असे मोडेम तसेच राहतील.

आता आपल्या खोलीचा प्रश्न. संस्थेने स्वतःच्या पैशाने त्या खोलीच्या दाराला, झडपांना किंवा आतल्या भागात काहीही बसवू नये. यंत्रे परवानाधारकाची आहेत, त्यामुळे त्यांच्या सुरक्षेचा खर्चही त्यांचाच. शिवाय हवा खेळण्याची जागा चुकीच्या जाळीने अडली तर रोहित्र तापते. आपण वितरण कंपनीच्या प्रभाग कार्यालयाला लेखी कळवा आणि पोच घ्या. संस्थेच्या खर्चाने आपण आवारातला दिवा आणि दाराकडे रोखलेला आपला नेहमीचा कॅमेरा जरूर ठेवा, कारण तो संस्थेच्या मालकीच्या जागेत आहे. खोलीसमोर दुचाक्या लावू देऊ नका. आपत्कालीन पथकाला दार पूर्ण उघडता आले पाहिजे. आणि वॉचमनला एवढे सांगून ठेवा की ओळखपत्र दाखवल्याशिवाय आणि कार्यालयात फोन करून खात्री केल्याशिवाय त्या दारापाशी कोणाला काम करू देऊ नये, मग अंगावर कोणताही गणवेश असो.